नोंदक क्रमांक पाच

"आई, सहा वर्षं जिने मोजून तुला नक्की कळलं काय?"

हा प्रश्न शेपटीचा स्वतःचा नव्हता. तिच्या दोन मैत्रिणींनी, वकिलीण आणि मुंगी यांनी, शाळेच्या सायकल स्टँडवर पैज लावली होती की हे काही ती घरी विचारू शकणार नाही. वकिलीण म्हणजे जी शिक्षकांनी 'बसा' म्हटलं तरी 'का?' विचारते ती. आणि मुंगी म्हणजे जी वर्गात सगळ्यांत बुटकी, पण चावते. पूर्वीची शेपटी असती तर तिने मान खाली घालून सायकलचं कुलूप उघडलं असतं. पण गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत ती भर सभागृहात आठ मिनिटं न अडखळता बोलली, आणि तेव्हापासून पोरीला जो कंठ फुटला होता तो मिटायचं नाव घेत नव्हता. आता ती दुकानदारालाही "काका, हे वजन पुन्हा करा" म्हणायची. घरचं नाव मात्र तेच राहिलं, कारण लहानपणी ती मोजायच्या टेपचं टोक धरून आईच्या मागे मागे हिंडायची.

आई जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसली होती. ती आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवायची आणि सहा वर्षांपासून पीएचडी करत होती. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की आमच्या घरात दोनच गोष्टी कायमच्या आहेत, एक स्वयंपाकघरातला गळका नळ आणि दुसरी हिची पीएचडी. नळ दोनदा दुरुस्त झाला होता.

आणि पीएचडी तरी काय सरळ रस्ता होता! आधी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग स्वतः शिकवणारी बाई पुन्हा विद्यार्थिनी होऊन सहा महिने वर्गात बसली. विषय मंजूर करणाऱ्या समितीने पहिल्या खेपेला तिला परत पाठवलं, कारण जिना हा काय पीएचडीचा विषय झाला? दुसऱ्या खेपेला तिने समितीला खोलीबाहेर काढून कॉलेजच्या जिन्यात नेलं आणि तिथेच उभं राहून बोलली, तेव्हा कुठे सह्या झाल्या. मग दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल, दोन छापील शोधनिबंध, त्यातला एक तीनदा परत आलेला. मग सर्वांसमोर सादरीकरण, सारांश, प्रबंध, बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल. आता उरली होती फक्त शेवटची खुली तोंडी परीक्षा, तीन आठवड्यांवर. पीएचडीच्या नोंदणीची मुदत त्यानंतर दहा दिवसांत संपत होती.

"काय कळलं?" आईने चष्मा डोक्यावर चढवला. तिला राग आला नाही, उलट तिने नकाशावर बोट ठेवलं. "हे बघ. जिना जिथे वळतो तिथे मधे ही सपाट जागा असते ना, लँडिंग? आम्ही सगळे आर्किटेक्ट तिला वळायची जागा समजतो. मुलं समजत नाहीत. मुलं तिथे बसतात. आणि कोण बसतं माहितीये? ज्याला मैदानावर कोणी खेळात घेत नाही ते. वरून खालून माणसं जातायत, म्हणजे एकटं वाटत नाही. आणि कोणी विचारलं तर सांगता येतं, मी चाललेच होते. लँडिंग हातभर रुंद केली, खिडकी जरा खाली घेतली, तर त्या मुलाला मधली सुट्टी सुसह्य होते. हातभर. एवढंच कळलं सहा वर्षांत."

शेपटीला वाटलं होतं आई चिडेल नाहीतर हसेल. हे ऐकून ती खुर्ची ओढून नकाशासमोर बसली. ती म्हणाली, "पण हे तू पाहिलंस कसं? तू उभी राहिलीस की मुलं पळतील."

"म्हणून तर तुम्ही होतात. मोठं माणूस जिन्यात दिसलं की कोणी बसत नाही. मुलांच्या नोंदी मुलांनीच करायच्या, हीच तर माझी पद्धत. त्यावर समितीने किती डोकं खाल्लं माझं. आठ मुलं, एकशेबारा पत्रकं. माझा सगळा डोलारा तुमच्या आठ जणांवर उभा आहे, बाईसाहेब."

आणि आई पुन्हा नकाशात बुडाली. शेपटी मात्र जागच्या जागी गार पडली.

कारण पाचवीत असताना ती होती नोंदक क्रमांक पाच. गळ्यात पाचाचा आकडा लिहिलेलं कार्ड, हातात पुठ्ठ्याला चिमटा लावलेलं पत्रक. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या जिन्यात बसायचं, कोण वर गेलं, कोण खाली आलं, कोण किती वेळ बसलं याच्या काड्या मारायच्या. आणि एका गुरुवारी ती जिन्याकडे फिरकलीच नव्हती. सुट्टीभर मैदानावर होती, आणि घंटा झाल्यावर वर्गात बसून, बाकाखाली पत्रक धरून, तिने मनानेच सगळ्या काड्या मारल्या होत्या. तेव्हा तिला वाटलं होतं, आई आपल्याला गुंतवून ठेवायला काहीतरी काम देते, त्यात काय एवढं.

त्यात एवढं होतं तर.

पुढचे तीन आठवडे शेपटीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आईच्या फायलीत पीएचडीच्या नियमांची पुस्तिका होती. ती तिने चोरून वाचली. तिच्यात एक कलम होतं की प्रबंधातली माहिती बनावट आढळली तर पदवी नाकारता येते. 'बनावट' या शब्दावर तिची नजर खिळली. सहा वर्षं, तीनदा परत आलेला निबंध, सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात डबा खाणारी आई, आणि हे सगळं एका पाचवीतल्या पोरीच्या काड्यांनी कोसळणार.

मैत्रिणींना सांगितलं तर त्यांचं आपसांतच जुंपलं.

"सांगून टाक," वकिलीण म्हणाली. "गुन्हा कबूल केला की शिक्षा कमी होते."

"आईला शिक्षा कमी होईल की हिला?" मुंगी म्हणाली. "परीक्षा झाल्यावर सांग. पदवी हातात पडली की कोण काढून घेतंय."

"ते तर अजून वाईट. म्हणजे तिने जाणूनबुजून लपवलं असं होतं."

"तू कोणाच्या बाजूची आहेस गं?"

"मी कायद्याच्या बाजूची."

शेपटीने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा ती आईपाशी गेली तेव्हा आई प्रबंधाच्या प्रतींची पानं मोजत होती आणि "एकशे नव्वद, थांब हं, एकशे एक्याण्णव" म्हणाली. दुसऱ्यांदा आईनेच तिला मिठी मारून "तू आहेस म्हणून होतंय गं हे" म्हटलं, आणि त्यावर कोण काय बोलणार. परीक्षेच्या दिवशी सकाळी तर ती दार अडवूनच उभी राहिली. "आई, मला एक सांगायचंय, पत्रकांबद्दल." तेवढ्यात आईच्या गाइड बाईंचा फोन आला की बाहेरच्या दोघांपैकी जे परीक्षक येणार होते ते तासभर आधीच पोचलेत आणि चहा नको म्हणतायत. चहा नको म्हणणारा परीक्षक म्हणजे संकट, असं आईचं मत. ती पायात दोन वेगळ्या चपला घालून निघाली होती, बाबांनी जिन्यातून हाक मारून परत बोलावलं.

कॉलेजचा हॉल लांबट होता. भिंतींवर आईचे नकाशे टाचणीने लावलेले, मधे टेबलावर पुठ्ठ्याचे सहा जिने. तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसावं अशी सूचना फलकावर आठवडाभर लावावी लागते, त्यामुळे मागच्या रांगेत आईचे विद्यार्थी, एक शिपाई आणि वकिलीण-मुंगी ही जोडी. शेपटी आणि बाबा तिसऱ्या रांगेत. बाबांनी दुकानातला सर्वांत चांगला चष्मा घातला होता. त्याला नंबर नव्हता.

आई सुरेख बोलली. चाळीस मिनिटं तिने एकदाही कागद पाहिला नाही. पुठ्ठ्याचा जिना हातात घेऊन लँडिंगवर तिने बोटाएवढी बाहुली बसवली तेव्हा गाइड बाईंनीसुद्धा मान डोलावली. बाहेरचे परीक्षक मात्र हलले नाहीत. बारीक अंगाचे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ, समोर प्रबंध, त्यात रंगीत चिठ्ठ्यांची झालर. त्यांनी पहिली चिठ्ठी उघडली ती सगळ्यांत शेवटच्या परिशिष्टातली.

"बाई, एकशेबारा पत्रकांपैकी तुम्ही चौदा बाद केलीत. हे मला आवडलं. लोक बाद केलेलं दाखवत नाहीत. तेरा पत्रकांची कारणं दिली आहेत. नोंदक आजारी, घंटा लवकर झाली, जिन्यात फर्निचर ठेवलं होतं. पण पत्रक क्रमांक सदतीस, नोंदक क्रमांक पाच. कारणाच्या रकान्यात फक्त 'इतर'. एवढ्या नेटक्या प्रबंधात हा 'इतर' कुठून आला?"

शेपटीने खुर्चीची कड घट्ट धरली. मग ते शब्द तिच्या डोक्यात हळूहळू उतरले. बाद. तिचं पत्रक बाद होतं. चार वर्षांपूर्वीच बाद होतं. तीन आठवडे छातीवर बसलेला धोंडा असा गडगडत खाली गेला की तिला वाटलं शेजारी बसलेल्या बाबांना आवाज ऐकू आला असेल.

पण आई टेबलावरचा पुठ्ठ्याचा जिना उगीच सरळ करत होती. कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असणारी आई.

"ती नोंद विश्वासार्ह वाटली नाही," ती शेवटी म्हणाली.

"का वाटली नाही?"

"त्या गुरुवारी जिन्याच्या कठड्याला ओला रंग होता. दोरी बांधून जिना बंद केला होता. पत्रकात मात्र लँडिंगवर अकरा मुलं बसलेली आहेत."

हॉलमध्ये खसखस पिकली. शिपाईसुद्धा हसला. परीक्षक हसले नाहीत.

"म्हणजे नोंदकाने मनाने आकडे घातले. मग तसं लिहा की. 'इतर' का? आणि एकाने घातले तर बाकीच्या सातांनी घातले नसतील कशावरून? बाई, मुलांनी मुलांच्या नोंदी करायच्या, हीच तुमची पद्धत. हा 'इतर' बरोबर तिच्या मुळाशी बसलाय."

"दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे माझ्याकडे," आई म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा सावरला. प्रत्येक जिन्यात दोन नोंदक असत, एक खाली, एक मधे, दोघांना एकमेकांचे आकडे माहीत नसत. खालून वर गेलेली मुलं आणि लँडिंगवरून पुढे गेलेली अधिक थांबलेली मुलं यांचा मेळ बसला नाही तर पत्रक बाद. तिने तक्ता दाखवला. परीक्षकांनी तो बोट फिरवत वाचला आणि हुंकार भरला.

"ठीक. आता पहिला प्रश्न. 'इतर' का?"

आईने तक्ता परत घेतला. तिने प्रेक्षकांकडे पाहिलं नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही की शेपटीला सगळं उमगलं. आईला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. तो शब्द तिने शेपटीवर पांघरूण म्हणून घातला होता, आणि आता त्याच पांघरुणात तिचा स्वतःचा पाय अडकला होता.

शेपटीने हात वर केला.

"प्रेक्षकांचे प्रश्न शेवटी," परीक्षेचे अध्यक्ष म्हणाले.

"माझा प्रश्न नाहीये सर. उत्तर आहे."

बाबांनी तिचा कुर्ता खेचला. ती उभी राहिलीच. वक्तृत्व स्पर्धेत बांधले होते तसेच हात पाठीमागे बांधून ती बोलायला लागली.

"नोंदक क्रमांक पाच मी आहे. ते पत्रक मी वर्गात बसून भरलं. मी जिन्यात गेलेच नव्हते, म्हणून मला रंगाचं कळलं नाही. आईने मला वाचवायला 'इतर' लिहिलं असणार. तिला माहीत होतं हे मलाच आत्ता कळतंय."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. "अकराच का?"

"मी अकरा वर्षांची होते."

या वेळी ते हसले, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून. "आणि जिन्यात का गेली नाहीस?"

शेपटीने या प्रश्नाचा तीन आठवड्यांत एकदाही विचार केला नव्हता. उत्तर देता देताच ते तिला सापडलं.

"मी रोजच त्या लँडिंगवर बसायचे, सर. नोंदीचं काम नसायचं तेव्हाही. मला खेळात कोणी घ्यायचं नाही. त्या दिवशी पकडापकडीला एक भिडू कमी पडत होता आणि पहिल्यांदाच कोणीतरी मला हाक मारली. मला वाटलं, आत्ता गेले नाही तर पुन्हा बोलावणार नाहीत."

आईने आता मात्र तिच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. रंगाचं माहीत होतं, पत्रकाचं माहीत होतं, पण सहा वर्षं ज्या मुलाबद्दल ती लिहीत होती ते मूल तिच्याच टेपचं टोक धरून मागे चालत होतं, हे नव्हतं माहीत.

"हाक मी मारली होती," मागून वकिलीण म्हणाली. "साक्ष हवी असेल तर."

"बसा," अध्यक्ष म्हणाले.

"का?" म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, पण मुंगीने तिला चिमटा काढला.

मग नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लागलं. आई आणि शेपटी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. बाबा दाराला कान लावावा की लावू नये या विचारात येरझाऱ्या घालत होते.

"तुला कधी कळलं होतं?" शेपटीने विचारलं.

"त्याच दिवशी. रंगारी खाली भेटला होता मला."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर पुढच्या वेळी तू मला खूश करणारे आकडे लिहिले असतेस. ते ओळखणं खोट्या आकड्यांहून कठीण. म्हणून तुला नोंदीतून काढलं आणि टेपचं टोक धरायला दिलं."

शेपटी तिच्याकडे बघतच राहिली. "ती बढती नव्हती?"

"नाही गं."

"मी सगळ्यांना सांगत फिरले की मला बढती मिळाली. आजोबांना पत्र लिहिलं होतं मी."

आईला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, मग शेपटीचेही. "तू अकरा काड्या खोट्या मारल्यास आणि मी एक शब्द," आई नाक पुसत म्हणाली. "त्यांनी बरोबर माझ्याच शब्दावर बोट ठेवलं. बरं झालं तू उठलीस. मला ते सांगता आलं नसतं."

"नापास करतील?"

"माहीत नाही."

दार उघडायला पंचवीस मिनिटं लागली. आत गेल्यावर अध्यक्षांनी उभं राहून कागद वाचला. त्यातलं शेपटीला एवढंच कळलं की परीक्षकांनी पदवीची शिफारस एकमताने केली आहे. बाबांनी टाळी वाजवायला सुरुवात केली ती इतक्या लवकर की पुढचं वाक्य कोणालाच ऐकू आलं नाही, आणि अध्यक्षांना ते पुन्हा वाचावं लागलं. अट एकच. अंतिम प्रतीत पत्रक क्रमांक सदतीससमोरचा 'इतर' काढून खरं कारण लिहावं, आणि आठ दिवसांत प्रत जमा करावी.

परीक्षकांनी मग चहा मागितला. जाताना ते शेपटीपाशी थांबले. "बाद पत्रकातून एवढं कळेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले, आणि छत्री शोधत निघून गेले.

संध्याकाळी घरी तिघं टेबलाभोवती बसली. नकाशे उचलल्यामुळे टेबल मुळात केवढं मोठं आहे ते कित्येक वर्षांनी दिसत होतं. आईने कपाटातून प्रत आणून शेवटचं परिशिष्ट उघडलं, आणि लगेच नवराबायकोची घासाघीस सुरू झाली.

"'नोंदक अनुपस्थित'," बाबा म्हणाले. "दोन शब्द. खरं पण आणि इभ्रत पण."

"अनुपस्थित काय, ती शाळेत होती. 'नोंदकाने जागा सोडली' असं लिहिते. क्रमांक तेवढा, नाव नको. ग्रंथालयात पन्नास वर्षं राहणार आहे हे."

"पन्नास वर्षं कोण उघडणार आहे ते?"

"उघडतील. जिने बांधतच राहणार ना लोक."

"मग 'वैयक्तिक कारण' लिही."

"म्हणजे पुन्हा 'इतर'च झालं की रे."

शेपटीने दोघांच्या मधून हात घातला आणि प्रत स्वतःकडे ओढली. पेन्सिलीने तिने 'इतर'वर एक सरळ रेघ मारली.

"थांबा दोघंही," ती म्हणाली. "मी ठरवलंय. हे कारण मी लिहिणार, आणि माझं पूर्ण नाव घालून. 'नोंदक क्रमांक पाच त्या दिवशी जिन्यात नव्हती. तिला खाली खेळायला बोलावलं होतं, म्हणून ती गेली, आणि आकडे तिने मनाने लिहिले.' असंच छापायचं. त्यातला एकही शब्द कोणी कापायचा नाही."